होडीवाल्याचं घर वाळीत

महाडजवळ आमचं बेट आहे असं म्हटलं की समोरचा माणूस आधी हसतो. बेट म्हणजे त्याच्या डोक्यात समुद्र, नारळ आणि लाटा. आमच्याकडे समुद्र नाही. सावित्री महाड सोडून खाली उतरते, तिथं एका जागी तिला काय वाटलं कोण जाणे, ती दोन बाजूंनी वाहायला लागली, आणि मधे जो तुकडा राहिला त्यावर आमच्या पूर्वजांनी घरं बांधली. का बांधली ते विचारू नका. चारी बाजूंना चांगली कोरडी जमीन पडलेली असताना पाण्याच्या मधोमध जाऊन बसणाऱ्या माणसांचे आम्ही वंशज आहोत, तेव्हा पुढे जे सांगणार आहे त्याचं फार नवल वाटून घेऊ नका. बेटवाडी म्हणतात तिला. तिशीच्या आसपास घरं, एक देऊळ, चौथीपर्यंतची शाळा, आणि खालच्या टोकाला पांढरी पुळण. भरतीला खाडीचं पाणी तिथवर चढायचं, ओहोटीला वाळू उघडी पडायची, की आम्ही पोरी शिंपल्या वेचायला पळायचो. परवा एका चुलत नातवाने ती पुळण फोनवर बघितली आणि म्हणाला, आजी, हा तर बीच आहे, इथं रिसॉर्ट काढू या. काढ म्हटलं बाबा, तेवढंच राहिलं होतं.

आमचं घर उताराजवळचं, म्हणजे होडी लागायची त्या जागेला चिकटून. होडी आमचीच. आबा, म्हणजे माझे वडील, होडी चालवायचे, त्यांचे वडील चालवायचे, आणि त्याबदल्यात सुगीला घरटी भात यायचं. दिवसभर पलीकडच्या काठावरून हाका. "हूऽऽ" अशी लांब हाक आली की आबा हातातला घास ठेवून ऐकायचे आणि म्हणायचे, "वरच्या आळीचा दामू हाय, पिऊन आलाय, राहूंदे जरा, उतरंल तवा आणू." हाकेवरून ते माणूस ओळखायचे, त्याची तब्येत ओळखायचे, आणि सासरहून पळून आलेली पोरगी असेल तर तेही ओळखायचे. तिला मात्र लगेच आणायचे.

घरात खरा आवाज आईचा. आबा चार शब्द बोलायचे ते होडीत, घरात त्यांना वावच नव्हता. आई कडवे वाल सोलायला बसली की मांडी घालून, पदर खोचून बसायची. भिजून मोड आलेला वाल चिमटीत धरला की साल सटकन निघायची आणि दाणा परातीत पडायचा. दाण्यागणिक ती एकेकाचा उद्धार करायची. सरकारचा, पावसाचा, माझ्या वेणीचा. बिरडं मात्र असं करायची की शिव्यांसकट गोड लागायचं. श्रावणात मासळी बंद, मग टाकळा, भारंगी, अळू, आणि रविवारी गूळ-नारळाच्या रसात बुडवलेली घावनं. मी आता महाडात फ्लॅटमध्ये राहते, सून मिक्सरवर घावनाचं पीठ करते, चांगलं करते बिचारी. पण जाळी पडत नाही, आणि मी बोलत नाही, कारण तिचं तोंडही माझ्या आईच्या जवळपास जातं.

तर गावकी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सरकार दिल्लीत असतं, ग्रामपंचायत पलीकडच्या काठावर असते आणि गावकी देवळात बसते. ह्या तिघांत खरी सत्ता कोणाची हे आमच्याकडे शेंबडं पोर सांगायचं. पालखी कुणाच्या दारात आधी थांबणार, कुणाचं लग्न कधी लागणार, मत कुणाला पडणार, सगळं गावकी ठरवणार. गावकीचे पुढारी तात्या. पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा, आवाज असा की कोंबड्या खुराड्यात जायच्या. अर्धी गावकी मुंबईला, गिरणीत नाहीतर ऑफिसात शिपाई, पण तिथून ती गावावर आणखीच डोळा ठेवून. मुंबईकरांचा म्होरक्या सेक्रेटरी. त्याला नाव होतं, पण सेक्रेटरी हेच नाव झालं होतं, त्याची बायकोसुद्धा सेक्रेटरी म्हणायची. नियम असा होता की गावकीचा ठराव एकदा वहीत लिहिला की तो पुसायला गाव आणि मुंबई अशी सगळी गावकी बसायला हवी. आणि सगळी गावकी बसणार वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला. मधल्या काळात देव जरी खाली उतरला असता तरी तात्यांनी त्याला सांगितलं असतं, गणपतीपर्यंत थांबा.

त्या वर्षी पंचायतीची निवडणूक आली आणि आमच्या वाडीची जागा बाईला सुटली. कायदा नवीन होता. वाडीतल्या पुरुषांची तोंडं लिंबू चोखल्यासारखी झाली. पण तात्यांनी तोडगा काढला. श्रावण लागतानाच्या बैठकीत देवळात उभे राहून ते म्हणाले, "आपली परंपरा बिनविरोधची हाय. आमच्या घरातल्यांचं नाव देतो. सही ती करंल, बाकी मी हायच." काकी, म्हणजे तात्यांची बायको, बायकांच्या घोळक्यात खांबामागे बसली होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती इतकी गरीब बाई की स्वतःच्या मांजराला हाकलताना माफी मागायची.

आणि तिच्या शेजारी बसलेली माझी आई बोलली. बायकांनी बैठकीत यायचं ते ऐकायला, बोलायला नाही. आई म्हणाली, "तात्यानू, मेंबर कोनीबी होवा, पर साकवाचं काय? पावसात होडीतनं पोरींना पाचवीला पलीकडं कोन धाडत नाय. चौथी झाली की घरात. दर विलेक्शनला साकव होनार म्हनता."

तात्या आईकडे न बघता म्हणाले, "बाईमानसानं मधी बोलू नये. बस खाली."

"मी बसलेलीच हाय," आई म्हणाली.

कोणीतरी हसलं. तात्यांना ते हसणं लागलं, आईला ते 'बस खाली' लागलं. साकव म्हणजे नदीवरचा छोटा पूल, आणि तो तात्या वीस वर्षं देत होते. खरोखर झाला असता तर पुढच्या वेळी बिचाऱ्यांनी काय दिलं असतं? दुसऱ्या दिवशी आईने डबा भरला, मला शाळेत सोडायला म्हणून महाडला आली, आणि शाळेऐवजी मला घेऊन कचेरीत गेली. अर्ज मी भरला. वाडीत माझं अक्षर सगळ्यांत चांगलं, दहावीला होते. आईने सही केली, एकेक अक्षर जमिनीत खुंटी ठोकावी तसं दाबून. ती चौथी शिकलेली. भजीचा कागदसुद्धा बोट ठेवून वाचायची, पण मला वाटायचं तो नुसता चाळा.

आबांना होडीत सांगितलं. साकव झाला तर होडी गेली, हे शेंबड्या पोराला कळण्यासारखं. मी धास्तावून बसले होते. आबांनी दोन वल्ही मारली आणि म्हणाले, "गुडघं दुखतातच म्हना." एवढीच चर्चा.

चार दिवसांनी गावकी तडकाफडकी बसली. मुंबईकरांची संमती सेक्रेटरीने पोस्टाने आधीच पाठवून ठेवली होती, कोऱ्या कागदावर सगळ्यांच्या सह्या घेऊन. ठराव झाला. आमचं घर वाळीत. आमच्याशी कोणी बोलायचं नाही, आमचा उंबरा चढायचा नाही, आमच्या वस्तूला शिवायचं नाही, हातातून काही घ्यायचं नाही, द्यायचं नाही. जो मोडेल तोही वाळीत. तात्यांनी ठराव खणखणीत वाचला, सगळ्यांनी मान डोलावली, नारळ फुटला, आणि मंडळी समाधानाने घरी जाऊन जेवली.

सकाळी महाडच्या बाजाराचा दिवस. दहा-बारा माणसं टोपल्या, दुधाच्या किटल्या घेऊन उतारावर आली. आबा नेहमीप्रमाणे होडीत बसलेले. मंडळी पाण्याच्या कडेला आली आणि थांबली. नदी दुथडी भरून चाललेली, लाल पाणी, उन्हाळ्यात जिथं गुडघाभर पाण्यातून चालत जातात तिथं आता हत्ती बुडेल. ती आबांकडे बघतायत, आबा त्यांच्याकडे. कोणी बोलू शकत नाही. होडीला शिवू शकत नाही. मी ओट्यावरून बघत होते, आणि एकेकाच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटत होतं. आपण काल रात्री काय करून बसलो! माझ्या जन्मात मी एवढ्या माणसांना एकाच वेळी शहाणं होताना पाहिलेलं नाही.

आई पाण्याची घागर घेऊन तिथूनच चालली होती. "काय गो सुमे," ती मला मोठ्याने म्हणाली, "आज बाजार भरत नाय वाटतं?"

तात्या मागे हटणारे नव्हते, आणि हटायचं म्हटलं तरी हटता येत नव्हतं, ठराव पुसायला गणपती यायला हवे. त्यांनी गावकीचा तराफा बांधायला घेतला. चार पिंपं, बांबू, दोर. तीन तगडे गडी त्यावर उभे राहिले, तात्यांनी "गणपतीबाप्पा" म्हटलं, लोकांनी "मोरया" म्हटलं, आणि तराफा पलीकडे जायच्या ऐवजी सरळ नदीबरोबर खाली निघाला. गडी उभेच. त्यांनी हातही हलवले. अर्ध्या मैलावर तो पुळणीला लागला, म्हणजे परत आमच्याच बेटाला. एवढा प्रवास करून घरीच आले. आबांनी होडी काढून ठेवली होती, मागोमाग जायला. कोणी बुडालं असतं तर ते वाळीतबिळीत बघणारे नव्हते. ते नंतर तसं म्हणाले मला, एकदाच.

मग वाडी पाऊस उघडायची आणि ओहोटीची वाट बघून, चिखलातून, दोर धरून, कमरेभर भिजून पलीकडे जायला लागली, तीही आठवड्यातून एकदा. दूध नासलं. चहापत्ती संपली. आणि मी? मी रोज सकाळी दोन वेण्या घालून, कोरडी, आबांच्या होडीतून शाळेत. अख्ख्या वाडीत मोकळी अशी एकाच घरातली माणसं, वाळीत टाकलेली.

हे आता सांगताना हसू येतं. तेव्हा नाही आलं. शेवंती, तात्यांची धाकटी, माझी जिवाभावाची. पहिली ते चौथी एका बाकावर, शाळेत एक डबा, एकमेकींचे केस विंचरणाऱ्या. ती विहिरीवर मला बघितलं की कळशी अर्धी भरून निघून जायची. डोळे भरायचे तिचे, पण जायची. माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. बोलत नाही म्हणजे काय हे ज्याच्यावर गेलं नाही त्याला नाही कळायचं. तुम्ही आहात की नाही अशी शंका यायला लागते. मी जेवेनाशी झाले. बिरडं समोर असायचं, घास फिरायचा. आणि मला आईचा राग यायला लागला. होय, आईचाच. कशाला हवी होती मेंबरकी? कुणी सांगितलं होतं खांबामागून तोंड उघडायला? मी तिला तसं बोलून दाखवलं नाही, पण तिचं तोंड बघायचं टाळायला लागले. पंधरा वर्षांची होते. ती काही सबब नाही.

एकदा शाळेतून आले तर तात्या उताराखाली बैल धूत होते. आबा होडी बांधून वर गेले. तात्या बैलाच्या पाठीवर पाणी मारत बैलालाच म्हणाले, "बाळ्या, काय रे करायचं? पोरीचं हाल बघवत नाय. तिच्या आईनं अर्ज मागं घेतला तर गनपतीत ठराव पुसून टाकू. शेवंती पन रडत असते रे."

मी थांबले. बैल रवंथ करत होता.

"कागदावर सही पायजे नुसती," तात्या बैलाला समजावत होते. "पोरगी हुशार हाय, शाळेचे कागद सहीला नेतेच. हरतालिकेच्या दिवशी तीन वाजेपर्यंत कचेरी हाय. सेक्रेटरी त्या दिवशी वीर ठेसनाला उतरनार, पलीकडच्या काठाला येनार. त्याच्याकडं कागद पोचला की तो बघंल फुडचं. कचेरीत त्याचा मेहुना हाय."

घरी गेले आणि वहीचं पान फाडून लिहिलं. माझ्या चांगल्या अक्षरात. मी खालील सही करणार माझा अर्ज राजीखुशीने मागे घेत आहे. वरचा मजकूर झाकेल अशी घडी घातली, शाळेच्या दोन कागदांच्या मधे सरकवला, आणि आई चुलीपाशी होती तिथं नेला. "सही हवीय शाळेत." आईने हात पुसले, कागद गुडघ्यावर घेतले, आणि तीन सह्या केल्या. तिसऱ्या सहीला जरा वेळ लागला. मला वाटलं धूर डोळ्यात गेला.

हरतालिकेला पाऊस असा की आभाळ फाटलंय. दुपारी मी कागद कंपासपेटीत घालून आबांबरोबर पलीकडे गेले. आबांना म्हटलं मैत्रिणीकडून वही आणायचीय. काठावर बघते तर जत्रा. वीरहून रिक्षा भरभरून मुंबईकर आलेले, चाळीसेक माणसं, बायकापोरं, ट्रंका, आणि महाडच्या कारखान्यातून उचललेले अकरा गणपती. अकरा घरचे, पाटावर, तोंडावर रुमाल टाकलेले. वरून छत्र्या धरलेल्या, पण पाऊस आडवा. शाडूची माती ती, रंग सुटायला लागला होता. एका मूर्तीच्या सोंडेवरून गुलाबी पाणी ओघळत होतं. आणि समोर होडी, आणि होडीत वाळीत टाकलेला माणूस, आणि ठरावावर खुद्द ह्यांच्याच सह्या.

सेक्रेटरी सफारी सूट घालून छत्रीखाली उभा. "साला, ये क्या प्रॉब्लेम हो गया," तो स्वतःशीच म्हणत होता. मला बघितल्यावर जवळ आला. इकडेतिकडे बघितलं, चाळीस जोड डोळे त्याच्यावर. तोंड नदीकडे ठेवून हळूच म्हणाला, "आणलास काय? अडीच वाजलेत, रिक्षा थांबवून ठेवलीय."

मी कंपासपेटी उघडली. कागद काढून पुढे केला. त्याने हात खिशातून काढलाच नाही.

"खाली ठेव," तो म्हणाला.

"काय?"

"जमिनीवर ठेव आणि बाजूला हो. मी उचलतो मग."

जमिनीवर चिखल होता. त्यात मघाशी एक म्हैस येऊन गेली होती, तिची खूण होती. मी त्या चिखलाकडे बघितलं, त्याच्या पॉलिश केलेल्या बुटांकडे बघितलं, आणि माझ्या आत काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. आईने केलेली ती दाबून दाबून सही, ती मी शेणात ठेवायची आणि ह्याने वाकून उचलायची, कारण माझा हात ह्याला चालत नाही. आणि हे महाडात. जिथं माणसांनी पाण्यापर्यंत हात पोचवायला काय सोसलं हे आम्हाला शाळेत शिकवायचे आणि आम्ही मार्कांपुरतं पाठ करायचो. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या "खाली ठेव" ऐकलं त्यांचं काय होत असेल? मला एका मिनिटात पुरे झालं.

"हातात घ्या, तर देते," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं.

"अगो, सगळे बघतायत! खाली ठेव म्हणतो ना!"

"मग बघू द्या. हातात घ्या."

तो लाल झाला, पांढरा झाला, घड्याळ बघितलं, रिक्षावाल्याकडे बघितलं. हात पुढे करावा तर चाळीस माणसांदेखत तोच वाळीत. मी हात तसाच लांब धरून उभी. पावसाने कागद भिजला, शाई फुटली, माझं ते चांगलं अक्षर निळं होऊन मनगटावरून कोपरापर्यंत आलं. मग मी त्याचा बोळा केला आणि नदीत टाकला. सेक्रेटरीने मला एक शिवी दिली. ठरावाप्रमाणे बोलायला बंदी होती, पण शिवीला चालतं वाटतं.

आबा हे सगळं होडीतून बघत होते. कागद कसला ते त्यांना माहीत नव्हतं, निदान मला तसं वाटलं. ते होडीतून उतरले, चाळीस माणसांमधून चालत गेले आणि पहिल्या गणपतीसमोर उभे राहिले. टोपी काढली.

"ह्यांची सही हाय का रं ठरावावर?" त्यांनी विचारलं.

कोण बोलणार? ठरावच तसा होता.

"नाय ना? मग हे येतील माझ्या होडीतनं. तुमी ऱ्हावा." आणि त्यांनी पाटासकट गणपती उचलला. चार खेपा झाल्या. मी होडीत मूर्तींवर घोंगडी धरून बसले. मुंबईकर काठावर भिजत उभे, आणि त्यांचे देव चालले होडीत बसून. एक म्हातारी रडत हात जोडत होती, ते देवाला की आबांना ते कळलं नाही.

अलीकडे आई उभी. हरतालिकेचा कडक उपास, पाणीसुद्धा नाही, आणि तिने अकराच्या अकरा मूर्ती उतरवून आमच्या पडवीत ओळीने मांडल्या. वाडी कुंपणाशी गोळा झाली. तात्याही. उंबरा चढायचा नाही, आमच्या हातून घ्यायचं नाही. काकी म्हणाली, "अवो, ठराव पुसा की." तात्या दात खाऊन म्हणाले, "कसा पुसू? अर्धी गावकी पलीकडं हाय!" ती रात्र मुंबईकरांनी पलीकडच्या मारुतीच्या देवळात काढली, चाळीस माणसं, आणि छप्पर गळकं.

सकाळी भटजींना आबांनी आणलं. ते महाडचे, त्यांना गावकीशी देणंघेणं नाही. त्यांना त्या दिवशी आणखी तीन वाड्या करायच्या होत्या. पडवीत अकरा गणपती बघून त्यांनी विचारलं, "कुठला कुणाचा?" आईने कुंपणाकडे बोट दाखवलं. कुंपणापलीकडून एकाच वेळी सगळे ओरडायला लागले. भटजी म्हणाले, मुहूर्त जातोय, मला काही ऐकू येत नाही, आणि त्यांनी ओळीने अकराही मूर्तींची प्राणप्रतिष्ठा करून टाकली. झालं. बसलेला गणपती विसर्जनापर्यंत हलवत नाहीत. आता वाडीला आरती करायची तर वाळीत टाकलेल्याच्या पडवीत.

पहिली काकी आली. कुंपणाचं फाटक सरकवून, हातात दुर्वांची जुडी घेऊन, सरळ उंबरा चढली. तात्या "अगो, अगो" म्हणेपर्यंत ती गणपतीसमोर वाकलेली. "मी देवाकडं आलंय, घराकडं नाय," ती म्हणाली. तिच्या मागून शेवंती. ती गणपतीकडे गेलीच नाही. सरळ माझ्या गळ्यात पडली आणि मला चिमटा काढला, इतका जोरात की आठवडाभर वळ होता. मग बायका, मग पोरं. पुरुष तेवढे कुंपणावर.

शेवटी गावकी बसली. अर्धी आमच्या अंगणात, अर्धी नदीपलीकडे. तात्या उतारावर उभे राहून तोंडाला हात लावून ओरडले, "ठराव रद्द! मंजूर हाय काऽऽय?" पलीकडून चाळीस घसे बसलेले, रात्रभर भिजलेले, "मंजूऽऽर!" एकच आवाज वेगळा आला, "चर्चा करूऽऽया!" तो सेक्रेटरी. त्याला बाकीच्यांनी काय केलं ते इथून दिसलं नाही. आबा होडी सोडायला गेले.

पाच दिवस आमच्या घरात वाडी जेवली. आईने वालाचं बिरडं मोठ्या टोपात केलं, आणि तात्यांनी दोनदा वाढून घेतलं, मान खाली घालून. पुढे मतदान झालं. आईचा अर्ज होताच जागेवर. काकीला मतं पडली ती तिच्या स्वतःच्या घरातल्या माणसांपेक्षा कमी, आणि ती मात्र पेढे वाटत फिरली. तात्या महिनाभर घरातल्या एकेकाकडे संशयाने बघायचे. साकव व्हायला पुढे सहा वर्षं लागली. आता त्यावरून मोटारसायकली जातात आणि सेक्रेटरीचा मुलगा व्याख्यानं देतो की वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आलाय त्याचं पालन करा. कर म्हणावं.

त्या कागदाचं मी कुणाला सांगितलं नाही. शेवंतीलाही नाही. आई निवडून आली तेव्हा सगळ्यांत जास्त फुगड्या मी घातल्या, आणि रात्री आईकडे पाठ करून झोपायचे. पहिल्या मासिक सभेच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "सुमे, साकवाचा अर्ज लिव." मी ओट्यावर बसून लिहिला, माझ्या चांगल्या अक्षरात, आणि सहीला तिच्यापुढे धरला. तिने पेन घेतलं नाही.

"आदी वाचून दाखव."

"तुला कशाला वाचून? नेहमी तर तशीच सही करतेस."

"तशीच नाय करत," आई म्हणाली. ती वाल सोलत होती, हात चालूच होते. "घडी घातलेला कागद कोन आनतं गो सहीला?"

म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं. मी विचारलं, "मग का केलीस?"

"महिनाभर जेवत नव्हतीस. पोरगी सुकून चालली तर ती मेंबरकी घेऊन काय करू, चाटू? म्हटलं, हिला झेपत नसंल तर ऱ्हाऊंदे."

"आणि मी दिला असता तर?"

तिने परात बाजूला केली. आयुष्यात पहिल्यांदा तिला शब्द शोधावा लागत होता, आणि ते मला बघवत नव्हतं.

"तर मी कोनाला सांगितलं नसतं," ती म्हणाली. "तुला पन नाय."

मग तिने हात पुसले, अर्ज माझ्या हातून घेतला, माझ्या बाजूला फिरवून परत माझ्याच हातात दिला आणि म्हणाली, "रडतेस काय, वाच." मी वाचायला लागले. दुसऱ्या ओळीला तिने मला थांबवलं आणि म्हणाली, मोठ्यानं वाच गो, शेजारी ऐकू गेलं पायजे.